साखळीचें दुसरें टोंक

2025 सालच्या भाद्रपदांत एका सकाळीं आमच्या हातून एक लहानसें कृत्य घडलें. त्याची वाच्यता कोठें झाली नाहीं, कोणीं आम्हांस उघड दोष दिला नाहीं, आणि ज्याला तें भोवलें तो फिर्याद करूं शकणारा नव्हता. तरीहि तें मनांतून जाईना, म्हणून त्याचा विचार वाचकांपुढें मांडण्याचें धार्ष्ट्य करीत आहों. विषय कुत्र्यास फिरावयास नेण्याचा आहे. साहित्य व समाज यांच्या थोर प्रश्नांची चर्चा ज्या पानांवर व्हावयाची तेथें तो शोभेल कीं नाहीं याची आम्हांस शंका होती. पण घरांतील सहा माणसांपैकीं पांचांनीं त्यावर तावातावानें वाद घातला आणि सहाव्या माणसानें, म्हणजे आमच्या मातोश्रींनीं, एका वाक्यांत तो बंद पाडला. तेव्हां विषय अगदींच क्षुद्र नसावा असें वाटलें. तें वाक्य पुढें येईल.

आमच्या घरीं चिंगी नांवाची कुत्री आहे. तिची जात कोणीं विचारली तर आम्ही 'रत्नागिरी' असें सांगतों. साडेतीन वर्षांपूर्वीं मिरकरवाडा बंदरावर, मासळीच्या लिलावाच्या गडबडींत, रिकाम्या टोपल्यांच्या आडोशाला ती आमच्या धाकट्या मुलीस सांपडली. त्या दिवसापासून ती 'आमची' झाली आणि बंदरावर राहिलेलीं तिचीं भावंडें 'मोकाट' ठरलीं. रंग जांभ्यासारखा तांबूस, कान अर्धवट उभे, स्वभाव भिडस्त. उजाडतां उजाडतां तिला साखळी लावून आम्ही आळींतून निघतों, पाखाडी उतरतों आणि मांडवीच्या काळ्या पुळणीवर जाऊन येतों. पाऊण तासाची ही फेरी. पण तींतली खरी कसोटी पाखाडीच्या शंभर-सव्वाशें पावलांत असते.

ज्यांनीं कोंकण पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयास हवें कीं, पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांनीं बांधलेली, पायऱ्यापायऱ्यांची चढउताराची वाट. दोन्ही बाजूंस गडगे, गडग्यांवर शेवाळ, पलीकडे माड आणि पोफळी. समोरून डोक्यावर भारा घेतलेलें माणूस आलें तर दुसऱ्यानें अंग चोरून उभें राहावें, इतकीच तिची रुंदी. दोन माणसें अशा वाटेवर भेटलीं तर "काय, आज लवकर?" एवढें म्हणून सुटतात. कुत्र्यांचा शिष्टाचार निराळा आहे. समंजस कुत्रें अनोळखी कुत्र्याच्या तोंडावर सरळ चालून जात नाहीं. तें अर्धवर्तुळ घेऊन, मान वळवून, बाजूनें येतें. मागचें अंग हुंगतें, आपलें हुंगूं देतें. मग जमलें तर जमलें, नाहीं तर दोघांपैकीं एक निघून जातें. या व्यवहाराला वळसा घेण्यापुरती जागा लागते आणि निघून जाण्याची मोकळीक लागते. जागा पाखाडीनें काढून घेतलेली असते. मोकळीक आम्ही साखळीनें काढून घेतों. त्यांतच आम्ही भ्यालों आणि साखळी ताणली कीं कुत्रीची मान व छाती वर उचलली जाते, आणि समोरच्याला तें आव्हान वाटतें. चिंगी बिचारी नमस्कार करूं पाहते, आणि आमच्या हाताच्या ताणामुळें तिनें शड्डू ठोकल्यासारखें दिसतें.

ज्याची पळण्याची शक्ति आपण काढून घेतली त्याच्या रक्षणाचें ऋण आपल्या डोक्यावर येतें, हें मान्य करावयास फारसें तत्त्वज्ञान लागत नाहीं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनीं 1886 सालीं रत्नागिरीस आणून ठेवलें, तेव्हां त्याचें राज्य बुडविणाऱ्या सरकारलाहि त्याचा तनखा, पहारा आणि शेवटीं 1910 सालीं राजवाडासुद्धां आपल्या खर्चीं टाकावा लागला. बांधून ठेवलेल्याला पोसणें व राखणें हें बांधणाऱ्याला चुकत नाहीं.

हें ऋण आम्हीं एकदां बुडविलें आहे, आणि तेंहि त्याच राजवाड्याच्या परिसरांत. त्या वर्षींच्या माघांत, रविवार म्हणून, चिंगीला त्या बाजूस नेलें होतें. एका बंगल्याच्या उघड्या फाटकांतून एक तरुण लॅब्रॅडॉर साखळीवांचून धांवत आला. त्याच्या मागून त्याचे धनी हातांत चहाचा पेला घेऊन सावकाश आले आणि म्हणाले, "घाबरूं नका, तो कांहीं करीत नाहीं!" आम्हीहि त्या काळीं या मताचे होतों कीं, जनावरांचें जनावरांना कळतें, माणसानें मध्यें पडूं नये. आळसावर तत्त्वाचें पांघरूण घालण्याची आमची ही जुनी खोड आहे. चिंगीनें प्रथम मान वळविली. मग ओंठ चाटले. मग शेंपटी पोटाखालीं घेतली. मग ती आमच्या पायांमागें दडली. आम्ही हंसत होतों. तिच्या दुप्पट वजनाचें तें पोर खरोखरच वाईट कांहीं करीत नव्हतें; तें तिला खेळावयास बोलावीत होतें आणि तिच्या पाठीवर चढूं पाहत होतें. साखळी आमच्या पायांत गुंतली, चिंगी आडवी झाली, आणि मग तिनें जो टाहो फोडला तो अजून आमच्या कानांत आहे. रक्ताचा थेंबहि आला नाहीं. धनी म्हणाले, "बघा, कांहीं केलं का त्यानं?" पुढें आठ दिवस चिंगी घराची पायरी उतरेना.

'तो कांहीं करीत नाहीं' या वाक्यानें त्या आठ दिवसांत आमचा पिच्छा पुरविला. तें खोटें नव्हतें; म्हणूनच तें धोक्याचें होतें. बोलणारा आपल्या कुत्र्याच्या हेतूविषयीं बोलत असतो आणि समोरच्याच्या अनुभवाचा प्रश्न त्यानें मिटला असें समजतो. हेतु शुद्ध असला कीं दुसऱ्याचा त्रास हा त्याचा भ्याडपणा ठरतो, ही तर्कपद्धति कुत्र्यांच्या धन्यांपुरतीच आहे असें नाहीं. लग्नघरांतील थट्टा, कचेरींतील सलगी, प्रवासांतील आगंतुक आपुलकी, या सर्वांचे वकील हेंच वाक्य बोलतात.

असो. त्या प्रसंगापासून आम्हीं वेताची छडी बाळगावयास सुरुवात केली.

आतां भाद्रपदाकडे वळूं. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना आहे हें आपल्याकडे लहान मुलासहि ठाऊक असतें. त्यावरून जे वाक्प्रचार निघाले आहेत ते कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत लिहिण्याजोगे नाहींत. पाऊस ओसरूं लागला कीं आळ्याआळ्यांतून कुत्र्यांच्या टोळ्या फिरूं लागतात, एकेका मादीमागें पांच-सहा नर लागतात आणि एरवीं कोपऱ्यावर झोंपा काढणारा प्राणी आपल्या गल्लींत खरोखरीच वाघ होतो. चिंगीचें शस्त्रकर्म पूर्वींच झालेलें असल्यामुळें तिच्यापासून कोणास कांहीं लाभण्याजोगें नव्हतें. पण हें प्रत्येकास पटवीत कोण बसणार? चौकशी करावयास येणारे येतच. आमचा हात छडीवर घट्ट होत गेला.

गौरी-गणपतीचें विसर्जन नुकतेंच झालें होतें; चाकरमान्यांच्या गाड्या मुंबईस परतल्या होत्या आणि आळी पुन्हां शांत झाली होती. पाखाडी ओली होती. खालून एक मोठा, काळ्यापांढऱ्या रंगाचा कुत्रा वर येत होता. वळसा नाहीं, मान वळविणें नाहीं, अगदीं सरळ, आमच्या रोखानें. आम्हीं "हाड!" म्हटलें. तो थांबला नाहीं. आणखी दोनदां, मोठ्यानें म्हटलें. त्यानें मानसुद्धां हलविली नाहीं. तो दोन पायऱ्यांवर आला तेव्हां आम्हीं छडी मारली. ती त्याच्या पुढच्या पायावर बसली. तो गुरगुरला नाहीं; एक बारीक आवाज काढून शेवाळावरून तीन पायऱ्या घसरला आणि तेथें पाय उचलून उभा राहिला.

"अहो, त्याला ऐकूं येत नाहीं," मागून कोणी म्हणालें.

वळून पाहतों तों आळींतले निवृत्त गुरुजी, हातांत भाताचें पातेलें घेऊन, चार पायऱ्या वर उभे. "म्हातारा झालाय तो," ते म्हणाले, "माझ्याकडे येत होता." यापेक्षां अधिक ते एक अक्षर बोलले नाहींत. आम्हांला ओलांडून ते खालीं गेले आणि त्याच्यापुढें बसले. तेव्हां आम्हांस त्या कुत्र्याच्या कानाची कापलेली कड दिसली. निर्बीजीकरण व लसीकरण झालेल्या कुत्र्यांच्या कानांवर ही खूण करतात. 2001 सालच्या व त्यांच्या जागीं आलेल्या 2023 सालच्या नियमांप्रमाणें असे कुत्रे जेथून नेले तेथेंच परत सोडावयाचे असतात. ज्या संकटाच्या भयानें आम्हीं छडी उगारली त्या संकटाचें निवारण त्या कानावर लिहिलेलें होतें. वाचावयास फक्त एक क्षण थांबावयास हवें होतें.

घरीं हकीकत सांगितली. प्रथम आम्हीं स्वतःची बाजू मांडली, हें कबूल केलें पाहिजे. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांची चर्चा घरोघर चालली होती. दिल्ली परिसरांतील सर्व मोकाट कुत्रीं उचलून निवाऱ्यांत ठेवावीं असा हुकूम 11 ऑगस्टला झाला होता, आणि 22 ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेलीं व हिंस्र वगळून बाकीचीं लस टोंचून व निर्बीज करून मूळ जागीं सोडावीं, मात्र त्यांना रस्त्यांत वाटेल तेथें न घालतां ठरवून दिलेल्या जागीं खाऊं घालावें, असें ठरलें होतें. आम्हीं या शेवटच्या कलमाला मिठी मारली. भर वाटेवर भात घालणाऱ्या गुरुजींचाच हा दोष नव्हे काय? वडील मुलगा आमच्या बाजूनें, मुली विरुद्ध, आमच्या सौभाग्यवती प्रथम आमच्या व मग गुरुजींच्या बाजूनें. कुत्रा चावून कोणी मेला तर, हा मुद्दा निघाला. मुकें जनावर, हा निघाला. रस्ता कोणाच्या बापाचा, हाहि निघाला. शेवटीं जपाची माळ खालीं ठेवून मातोश्रींनीं विचारलें, "अरे, तो नको होता कुणाला? तुला कीं तिला? तिला विचारलंस का?"

वाद तेथेंच थांबला. कारण त्या क्षणीं चिंगीची शेंपटी कोठें होती, तिची मान कोणीकडे होती, हें आम्हांस सांगतां येईना. आम्हीं तिच्याकडे पाहिलेंच नव्हतें. माघांत तिनें चार प्रकारें 'नको' म्हटलें तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं, आणि भाद्रपदांत तिनें 'नको' म्हटलें नसतांना आम्हीं तें तिच्या वतीनें, वेताच्या छडीनें म्हटलें. मग बहिरा कोण?

मातोश्रींनीं पुढें स्पष्टीकरण केलें नाहीं. परंतु त्यांचें माहेर मांडवीपासून हांकेच्या अंतरावर, आणि वयाच्या तेराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत त्यांना एकटीनें समुद्रावर जाऊं दिलेलें नव्हतें. 'तुझ्याच भल्यासाठीं' असें म्हणत. हें आम्ही त्यांच्या तोंडून अनेकदां हंसत हंसत ऐकलें होतें. त्या दिवशीं तें निराळें ऐकूं आलें.

महाभारताच्या शेवटीं धर्मराज कुत्र्यावांचून स्वर्गांत जाण्याचें नाकारतो, ही कथा सर्वांस पाठ आहे, आणि कुत्र्यांविषयीं कोणी कांहीं लिहूं लागला कीं ती हमखास येते. पण तें महाकाव्य कुत्र्यानेंच सुरूहि होतें, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असतें. आदिपर्वांत, कुरुक्षेत्रीं जनमेजयाचें सत्र चालू असतां तेथें एक कुत्रा येतो. राजाचे तीन भाऊ त्याला मारून हांकलतात. तो रडत आपल्या आईकडे, देवांची कुत्री जी सरमा तिच्याकडे, जातो. तूं कांहीं अपराध केला असशील, असें ती म्हणते. मीं हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं, चाटलें तर नाहींच, असें तो सांगतो. मग सरमा त्या भावांपुढें जाऊन उभी राहते व विचारते कीं, माझ्या निरपराध मुलाला कां मारलेंत? ते कांहींच उत्तर देत नाहींत. तेव्हां ती शाप देते: तुमच्यावर अदृष्ट असें भय येईल. पुढें जनमेजय त्या शापाच्या धास्तीनें पुरोहित शोधीत फिरतो.

आम्हांस या कथेंत शापापेक्षां तें मौन अधिक बोलकें वाटतें. राजपुत्र दुष्ट नव्हते. ते यज्ञाचें रक्षण करीत होते. हविर्द्रव्य बाटूं नये ही त्यांची जबाबदारी होती, आणि कुत्रा पुढें येऊन तें चाटणारच नाहीं असें आधीं कोणीं सांगावें? त्यांच्या जागीं आम्ही असतों तर तेंच केलें असतें, पाखाडींत केलेंच. पण सरमेनें विचारल्यावर द्यावयास त्यांच्यापाशीं 'आम्हांला वाटलें' याखेरीज उत्तर नव्हतें, आणि तें उच्चारण्याची राजपुत्रांस लाज वाटली असावी. शाप म्हणाल तर तो वेगळा द्यावयासच नको होता. न पाहतां मारणाऱ्याच्या मनांत न दिसणारें भय आधींच वस्तीस आलेलें असतें.

मोकाट कुत्र्यांचा सार्वजनिक वाद आमच्या जुन्या मुंबई इलाख्याला नवा नाहीं. बिनवारशी कुत्रीं मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून 1832 सालीं मुंबईंत पारशी लोकांनीं दंगा केला होता. 1926 सालीं अहमदाबादेंत शेठ अंबालाल साराभाई यांच्या गिरणीच्या आवारांतील साठ कुत्रीं मारलीं गेलीं, तेव्हां गांधीजींनीं 'यंग इंडिया'मध्यें लेखांमागून लेख लिहिले आणि जीवदयावाद्यांचा रोष ओढवून घेतला. बेवारस कुत्रीं रस्त्यांत असणें ही समाजाचीच लाज आहे. ज्याला दया येते त्यानें तुकडे फेंकून पुण्य न जोडतां कुत्रें पाळावें, त्याचा भार वाहावा, असें त्यांचें म्हणणें होतें. त्याचें बळ आम्ही मानतों. पण आमचा अनुभव त्याला एक पुरवणी जोडतो, आणि ती आमच्या बाजूची नाहीं. चिंगी घरीं येण्यापूर्वीं आम्हीं आळींतल्या कोणत्याहि कुत्र्यावर हात उगारला नव्हता. तेव्हां तीं सारीं नुसतीं कुत्रीं होतीं. एकाचा भार घेतला आणि बाकीचीं दहा आमच्या दृष्टीनें संकटें झालीं. ममता वाढली ती एकीकडून; दुसरीकडून तिनें हात कठोर केला. मूल झाल्यावर शेजाऱ्याच्या मुलाशीं भांडणारे बाप आम्हीं पाहिले होते. आपणहि त्यांतलेच, हें कळावयास कुत्री पाळावी लागली.

मग साखळी धरणाऱ्यानें करावें तरी काय? खरोखर चावा घेणाऱ्या कुत्र्यापुढें उपदेश करीत उभें राहणारे आम्ही नव्हे. तेथें छडी चालवूं आणि नंतर झोंपहि लागेल. प्रश्न त्या अलीकडच्या प्रसंगांचा आहे, जेथें समोरच्याचा हेतु कळलेला नसतो आणि क्षणभरच अवधि असतो. अशा वेळीं कोणाची तरी चूक होणारच. ती कोणाच्या अंगावर पडावी एवढेंच आपल्या हातीं असतें. आमचें मत आतां असें झालें आहे कीं, ती साखळी धरणाऱ्याच्या अंगावर पडावी. वळसा घेण्याची सोय आम्हीं मोडली, निघून जाण्याची वाट आम्हीं बंद केली, पाखाडींत दोघांना समोरासमोर आम्हीं आणलें. वाटेनें आपल्या कामाला निघालेल्या तिसऱ्यानें आमच्या अज्ञानाची किंमत कां द्यावी? त्याच्या कानावरची खूण वाचण्याचें कष्ट आमचे, आणि वाचतां न आल्यास मध्यें उभें राहण्याचा धोका आमचा.

यावर कोणी म्हणेल, मध्यें उभें राहून चावा बसला तर? बसेल. मग जखम पंधरा मिनिटें साबणपाण्यानें धुवावी आणि त्याच दिवशीं इस्पितळांत जाऊन लस टोंचून घ्यावी. पाश्चरनें 1885 सालीं पहिल्या मुलाला लस टोंचली तेव्हांपासून माणसाला हा आधार आहे. छडी खाल्लेल्या कुत्र्याला कसलाच नाहीं.

प्रत्यक्षांत इतक्या वीरश्रीची गरज सहसा पडत नाहीं. आम्हीं छडी कोनाड्यांत ठेवून दिली आणि छत्री घेतली. कोंकणांत छत्री बाळगणाऱ्यास बाराहि महिने कोणी हंसत नाहीं. कुत्रें नको तितकें जवळ येऊं लागलें कीं, दोघांच्या मध्यें ती जमिनीलगत उघडावी; चिंगी पलीकडे झांकली जाते, आणि त्या एकाएकीं उगवलेल्या काळ्या भिंतीकडे पाहून भलेभले कुत्रे विचारांत पडून परत फिरतात. चिंगीला मात्र आधीं घरीं दोन-चार दिवस छत्रीची संवय करावी लागली; पहिल्या दिवशीं तीच पळाली. पाखाडींत समोरून कोणी दिसलें कीं आम्ही आतां उलट वर जातों आणि गडग्याच्या खिंडारापाशीं त्याला वाट देतों. साखळी हात-दीड हात सैल सोडतों. हें सर्वांत कठीण गेलें, कारण भीति प्रथम मुठींत येते. आणि समोरच्याकडे पाहण्यापूर्वीं चिंगीकडे पाहतों. तिची शेंपटी खालीं गेली, तिनें ओंठ चाटले, कीं मग समोर मांजराएवढें पिल्लूं असलें तरी आम्ही मध्यें, धन्यांनीं "तो कांहीं करीत नाहीं" म्हटलें तर आम्ही म्हणतों, "त्याचा प्रश्न नाहीं, हिला नको आहे." एक-दोन गृहस्थ यावरून आमच्याशीं बोलेनासे झाले आहेत.

गुरुजी बोलतात. त्यांनीं भात घालण्याची जागा पाखाडींतून हलवून आपल्या मागील अंगणांत नेली; आम्हीं तसें सुचविलें नव्हतें. त्या कुत्र्याच्या पायाविषयीं आम्हीं विचारलें तेव्हां, "चालतो आतां," एवढेंच म्हणाले.

तो सकाळीं अजून पाखाडीच्या खालच्या वळणावर बसलेला असतो. ऐकूं येत नसलें तरी आमचीं पावलें त्याला चिऱ्यांतून कळत असावींत. आम्ही दिसण्यापूर्वींच तो उठतो, उजवा पाय किंचित् जपून टाकीत गडग्याच्या खिंडारांतून पलीकडे जातो आणि माडाच्या बुंध्याशीं उभा राहतो. आम्ही जाईपर्यंत तो तेथून हलत नाहीं. वाट आमच्यासाठीं अगदीं मोकळी असते. चिंगी मात्र त्या वळणावर रोज थांबते. साखळी सैल सोडली कीं तो बसला होता त्या पायरीपाशीं जाते, नाक टेंकून बराच वेळ हुंगते, आणि मग मान वर करून, शेंपटी हलवीत, खिंडाराकडे ओढ घेते.